वाकड्या हिरांचा नकाशा

"टेबल हलवू नकोस, तार्किज! पडले तर तुझ्या डोक्यावरच पडेन!"

"पड की! डोकं फुटलं तर या झाडलोटीतून तरी सुटेन."

सुट्टीचा तिसरा दिवस, आणि तिघांच्याही हातात कामं! लानिमा आजोबांना जाऊन येत्या शनिवारी वर्ष होत होतं. सगळं बेट सभागृहात जमणार होतं, म्हणून जोरलांगमामाने भाच्यांना सकाळीच जुंपलं होतं. चौदा वर्षांचा तार्किज जमीन झाडत होता, म्हणजे हाताने कमी आणि तोंडाने जास्त. दहा वर्षांची एमिको खिडक्या पुसत होती. तेरा वर्षांची लिजोन टेबलावर चढून भिंतीवरचा नकाशा पुसत होती.

नकाशा कागदाचा नव्हता. नारळाच्या झावळीचे हीर आडवेतिडवे ठेवून काथ्याने बांधलेले होते आणि जिथे बेट, तिथे एक कवडी होती. हीर म्हणजे लाटा. कुठली लाट कुठून येते, बेटाला धडकून कशी वळते, दुसरीला कुठे भेटते, सगळं त्यात होतं. लानिमा आजोबांच्या मामांच्या मामांनी तो बांधला होता. असा नकाशा वाचायचा कसा हे बांधणाऱ्यालाच ठाऊक असतं, आणि तो ज्याच्या कानात सांगेल त्याला. मामाने भाच्याला सांगायचं, भाच्याने त्याच्या भाच्याला. आजोबा म्हणजे लिजोनच्या आईचे सख्खे मामा. त्यांनी आपल्या भाच्याला, जोरलांगमामाला, सांगायचा तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा मामा मासे पकडायला पळाला! शेवटी त्यांनी लिजोनला होडीत घेतलं.

लिजोनचं फडकं थांबलं. तिने डोळे मिटले आणि हिरांवरून बोटं फिरवली. पुन्हा फिरवली.

"हा आपला नकाशा नाही," ती म्हणाली.

"मग कोणाचा, माशांचा?"

"तार्किज, मी गंमत करत नाहीये! हा आपला नाही!"

"कशावरून गं ताई?" एमिकोने विचारलं.

लिजोनने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. कशावरून ते सांगायचं, तर हिरांबद्दल सांगायला हवं. आणि त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही असं वचन तिने आजोबांना दिलं होतं.

"ते सांगता येत नाही."

"झालं! सांगता येत नाही, पण आपला नाही! नकाशाला ताप आलाय का, बघ जरा हात लावून!"

तिने नकाशा खुंटीवरून काढून हळूच खाली दिला. तेवढ्यात एमिको ओरडली, "अगं, भिंत बघा, भिंत!"

सभागृहाचा निळा रंग उन्हाने पार विटला होता, पण नकाशामागे तो विटला नव्हता. तिथे गडद निळ्या रेघा होत्या, जणू जुन्या नकाशाची सावलीच भिंतीला चिकटून राहिली होती. एमिकोने नकाशा उचलून त्या रेघांवर धरला. कवड्यांच्या जागा बरोबर जुळल्या, पण भिंतीवरच्या तीन रेघा बाकदार होत्या आणि हातातले हीर सरळसोट!

तार्किजच्या हातातला झाडू खाली पडला. "म्हणजे... कोणीतरी बदलला?"

"सभागृहाची किल्ली कोणाकडे असते?" लिजोन म्हणाली.

तिघं एकदमच धावत सुटली.

जोरलांगमामा बेटाच्या पंचायतीचा कारकून. तो किनाऱ्यावर केवड्याच्या झाडाखाली शहाळं पीत बसला होता. समोरच्या शांत पाण्यात राजधानीहून आलेलं जहाज नांगरून उभं होतं. तीन महिन्यांतून एकदा येणारं जहाज! सुकं खोबरं चढवून झालं होतं आणि दुपारच्या भरतीला ते निघणार होतं.

"मामा, सभागृहातला नकाशा कुठे गेला?"

"भिंतीवर आहे. डोळे तपासून घे."

"तो नवा आहे, मामा. जुना वाकडा होता."

मामाने शहाळं खाली ठेवलं. त्याचे कान लाल झाले. "एकच दिवस दिला होता गं मी! एकच दिवस!"

"कोणाला?"

"रोसिनाला. नमुना म्हणून."

रोसिनामावशी विणकाम करणाऱ्या बायकांची मुख्य. तिच्या पडवीत केवड्याच्या पानांच्या टोपल्या, पंखे, चटया यांचा ढीग असे. मामाला पुढे घालून तिघं तिथे पोचली, तेव्हा तिने सगळं हसत हसत सांगून टाकलं. "अगं, त्या जहाजावरच्या पेटिग्रू साहेबांचं पत्र आलं होतं ना! त्यांना असे सहा नकाशे हवे होते. आम्ही नमुना समोर ठेवून बांधले. पण नमुना काय बाई वाकडातिकडा! म्हटलं, दमट हवेने हीर वाकले असणार. आम्ही आपले सगळे सरळ बांधले. जुने दिसावेत म्हणून करवंट्यांच्या धुरावरही धरले. अस्से सुबक झालेत!"

"आणि नमुना?" लिजोनने विचारलं.

"सातही एकाच चटईवर ठेवले होते. जोरलांग आला घाईघाईत, वरचा उचलून घेऊन गेला. उरलेले सहा पेटीत भरले. सकाळीच गेली की पेटी जहाजावर!"

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

"धुराने सगळे सारखेच काळे दिसत होते," तो पुटपुटला. "मला काय माहीत! आणि हे बघ लिजोन, रडू नकोस. तसाच दुसरा बांधू आपण!"

"कोण बांधणार?" लिजोनने विचारलं. "तू?"



भिंतीवरचा नकाशा चटईत गुंडाळून तिघं लहान होडीतून जहाजाकडे निघाली. तार्किज वल्हवत होता आणि पहिल्यांदाच गप्प होता. अर्ध्या वाटेवर त्याने विचारलं, "पण तुला तर तो पाठ आहे ना? मग हीर गेले तर गेले."

लिजोनने चटईची गुंडाळी जवळ ओढली. "अर्धाच पाठ आहे," ती म्हणाली. "आजोबा म्हणाले होते, उरलेला अर्धा पुढच्या सुट्टीत. ही ती पुढची सुट्टी आहे, तार्किज."

तार्किजने वल्हं आणखी जोरात मारलं.

पेटिग्रू साहेब डेकवरच भेटले. उंच, काटकुळे, उन्हाने नाक सोललेले. मोडक्यातोडक्या भाषेत का होईना, पण ते बेटावरच्यांशी त्यांच्याच भाषेत बोलायचे. लिजोनने चटई उलगडली. "योक्वे, साहेब! तुमच्या पेटीत एक नकाशा चुकून गेलाय. हा त्याच्या बदल्यात आणलाय. सहाच्या सहा होतील."

साहेब हसले, पण त्यात थट्टा नव्हती. "वाकडा न्यायला आलात, हो ना? या."

खोलीत त्यांच्या बिछान्याच्या वर तो टांगलेला होता. तीन हीर धनुष्यासारखे वाकलेले. लिजोनचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेरही आला, कारण साहेब दारात हात आडवा धरून उभे होते.

"मी तीस वर्षं जुने नकाशे गोळा करतोय. पाच सरळ आणि एक वाकडा दिसला, तेव्हाच ओळखलं. माझ्या घरी चारशे वर्षांपूर्वीचे नकाशे आहेत, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले. ते काढणाऱ्यांपैकी कितीतरी जण कधी समुद्रावर गेलेच नव्हते! बंदरात आलेल्या खलाशांना विचारून विचारून त्यांनी जग काढलं. जिथे माहिती संपली तिथे राक्षस काढला, आणि कोपऱ्यात ठळक अक्षरात स्वतःचं नाव."

"राक्षस!" एमिकोचे डोळे विस्फारले.

"आमच्या नकाशावर नाव नसतं," लिजोन म्हणाली. "आणि माहिती संपली की हीरच संपतो."

साहेबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "मुली, सहा नकाशांचे पैसे मी दिलेत आणि तुझ्या मामाने सही केलीय. पण मी लुटारू नाही. हे हीर का वाकलेत तेवढं मला सांग आणि नकाशा घेऊन जा. मी लिहून ठेवीन. कधीच हरवणार नाही."

"सांग ना!" तार्किज तिच्या कानाशी कुजबुजला. "एवढंच तर विचारतायत!"

लिजोनने नकाशाकडे पाहिलं. हातभर अंतरावर होता. तिच्या ओठांवर शब्द तयार होते. पण त्या शब्दांबरोबर आजोबांचा आवाज आला, होडीच्या तळाशी कानाला लागून बोलणारा, बाहेर वाऱ्यालाही ऐकू जाणार नाही असा.

"सांगणार नाही," ती म्हणाली. "पण दाखवीन. माझे डोळे बांधा, मला होडीत झोपवा आणि प्रवाळाच्या भिंतीबाहेर न्या. होडी हवी तेवढी गोल फिरवा. बिकेन कुठे आहे ते मी बोटाने दाखवते. बरोबर निघालं तर नकाशा आमचा."

"आणि चुकलं तर?"

"तर तुम्ही घेऊन जा. आम्ही पुन्हा मागणार नाही."

"लिजोन!" तार्किज किंचाळलाच. "तुला वेड लागलंय!"

बिकेन हा दूरचा, चारदोन माडांचा वाळूचा पट्टा. आजोबा गेल्यापासून तिकडे कोणी फिरकलंही नव्हतं. साहेबांचे डोळे चमकले. त्यांनी ट्रंकेतून तेलकापडात गुंडाळलेला एक पिवळा कागद काढला. "दोनशे वर्षांपूर्वीच्या एका नकाशाकाराने काढलेला! बिकेन यात आहे. यावरून दिशा काढून मी होकायंत्राशी ताडून बघेन. कबूल!"

पण या बेटावर न विचारता बाहेरच्या समुद्रात कोणी जात नाही. लाबिन आजोबा, लानिमा आजोबांचे धाकटे भाऊ आणि आता कुळाचे मुख्य, होडीघरात काथ्या वळत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मामाकडे एकदाच पाहिलं. मामा खांबाआड सरकला.

"आपल्या माणसाने सही केलीय," ते म्हणाले. "दिलेला शब्द मोडता येणार नाही. हरलीस तर काय होईल, पोरी?"

"नकाशा जाईल."

"आणि त्याला अर्थ सांगितलास तर?"

"तर नकाशा राहील," लिजोन म्हणाली, "आणि आजोबा पुन्हा एकदा जातील."

म्हाताऱ्याच्या हातातला काथ्या थांबला. मग ते म्हणाले, "मोठी होडी घेऊन जा. आणि जोरलांग, तूही जायचं. पाणी उपसायला!"

होडीने प्रवाळातली खिंड ओलांडली आणि बाहेरच्या लाटांनी तिला उचललं. तार्किजने सुकाणू धरलं, मामाने शीड. एमिको होडीच्या बाजूला बांधलेल्या लाकडावर, उलांडीवर, तोल सांभाळत बसली. लिजोन डोळ्यांवर फडकं बांधून तळाशी पालथी झोपली.

"थांबा," साहेब म्हणाले. "ऊन पाठीला लागतंय. त्यावरून दिशा कळेल."

"मग चटई टाका अंगावर," लिजोन म्हणाली.

चटई पडली. आत अंधार, घाम आणि खारट वास. होडी फिरली. एकदा, दोनदा, सात वेळा. नंतर लिजोनने मोजणं सोडून दिलं. मग शीड उतरलं आणि सगळे गप्प झाले.

तिला काहीच कळेना! नुसता धडधडाट, आणि तोही तिच्याच छातीचा. डावीकडून हिसका, उजवीकडून हिसका, सगळं एकात एक कालवलेलं. हरलो आपण, तिला वाटलं. उगाच पैज लावली. सांगून टाकलं असतं तर आत्ता नकाशा हातात असता!

तिने गाल तळाच्या ओल्या लाकडाला टेकवला. शोधू नकोस, आजोबा म्हणायचे. लाटेला शोधायचं नसतं. ती येते. तू फक्त घरी राहा.

लिजोन घरी राहिली. श्वास हळू झाला. मग आली पूर्वेकडची थोरली लाट, लांब, संथ, जणू कोणी म्हातारं माणूस जिना चढतंय. ती गेली. दुसरी आली, गेली. आणि तिसरीच्या पाठीमागून, अगदी हलकीशी, तिरकी, एक धाकटी लाट होडीच्या कुशीला लागली. बिकेनच्या कडेने वळून आलेली! वाकलेला हीर! तिच्या बोटांना जो भिंतीवर सापडला नव्हता तो इथे पोटाखाली होता.

तिने आणखी सात वेळा वाट पाहिली. सातही वेळा धाकटी तिथूनच आली. मग चटईखालून तिचा हात बाहेर आला आणि ताठ झाला.

"तिकडे."

साहेबांनी होकायंत्र बघितलं, पिवळा कागद बघितला आणि निःश्वास सोडला. "नाही," ते हळूच म्हणाले. "वाईट वाटतं मला. बिकेन याच्या बरंच उजवीकडे आहे."

"बघा नीट!" एमिको रडवेली झाली.

"मी दोनदा बघितलं."

लिजोनने फडकं सोडलं. उन्हाने डोळे दिपले, पण हात तसाच होता. "तिकडेच आहे," ती म्हणाली.

"लिजोन, नकाशात..." मामा चाचरला.

"मामा, शीड वर घे!"

मामाने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा भाचीकडे. आणि शीड चढवलं! तार्किजने लिजोनच्या बोटाच्या रेषेत सुकाणू वळवलं. वारा भरला. होडी पळू लागली. साहेब उजवीकडे टक लावून होते. तिथे पाणी, पाणी आणि पाणीच होतं. ऊन डोक्यावर आलं. एमिकोने दोनदा "दिसलं!" म्हटलं आणि दोन्ही वेळा ते ढग निघाले.

तिसऱ्यांदा ती काही बोललीच नाही. नुसतं बोट दाखवलं.

समोर, अगदी नाकासमोर, क्षितिजावर चार काड्या उभ्या होत्या. माडांचे शेंडे!

"बिकेन!" तार्किज गरजला. "साहेब, तुमच्या नकाशात उजवीकडे काय आहे म्हणालात? राक्षस का?"

"तार्किज!" मामा दटावायला गेला, पण त्यालाच हसू फुटलं.

साहेबांनी चार शेंड्यांकडे बघितलं, मग मांडीवरच्या कागदाकडे. "दोनशे वर्षं," ते म्हणाले, "दोनशे वर्षं हे बेट चुकीच्या जागी आहे, आणि मी त्याला काचेआड जपत होतो! जहाजावर कप्तानाकडे नवा नकाशा होता. नुसता विचारला असता तरी..." त्यांनी टोपी काढली. "मी चुकलो, लिजोन. नकाशा तुझा. पण एक विचारू? सगळं तुझ्या अंगातच आहे, तर हीर कशाला हवेत?"

"सगळं नाही," लिजोन म्हणाली. "अर्धंच."

पुढे त्यांनी काही विचारलं नाही. परतताना मात्र मांडी घालून बसले आणि मामाबरोबर पाणी उपसू लागले. कोणी सांगितलं नव्हतं तरी!

भरतीला जहाज गेलं. पेटीत सहा नकाशे होते, सहाही सरळ.

संध्याकाळी सगळं कुळ होडीघरात जमलं. रोसिनामावशीने नीरफणस भाजून आणले. "मी आपली सुबक करायला गेले गं," असं ती दहादा म्हणाली आणि दहाव्यांदा डोळे पुसले. मामाने सगळ्यांसमोर सभागृहाची किल्ली लाबिन आजोबांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती उचलून एमिकोला दिली.

"भिंत बघणारे डोळे हिचे आहेत," ते म्हणाले. "आणि तार्किज, सुकाणू चांगलं धरलंस. तसंच तोंडही जरा धरत जा."

मग चटईवर जुना नकाशा ठेवला गेला. लिजोन त्याच्यापुढे बसली. बोटं ओळखीच्या हिरांवरून फिरली, बिकेनच्या कवडीशी थांबली, आणि त्याच्याही पुढे गेली, जिथे आजोबांनी तिला नेलंच नव्हतं. तिथे दोन हीर एकमेकांना भेटत होते आणि काथ्याची गाठ दुहेरी होती. इतर कुठेच तशी गाठ नव्हती.

"आजोबा, ही दुहेरी गाठ कशाची?"

लाबिन आजोबा वाकले. त्यांनीही त्या गाठीवर बोट ठेवलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "लानिमाला माहीत होतं. आता या बेटावर कोणालाच माहीत नाही."

लिजोनचा चेहरा उतरला. तिचे डोळे भरून आले, आणि ते त्यांना दिसलं. त्यांनी आपला खरबरीत तळवा तिच्या डोक्यावर ठेवला.

"ज्याने ही गाठ बांधली, त्याला तरी कोणी सांगितलं होतं? तो समुद्रावर पडून राहिला आणि उठून आला तेव्हा त्याने ती बांधली. आज तू जे केलंस ते मला साठ वर्षांत जमलं नाही, पोरी. कुळाचा मुख्य म्हणून मी तुला बाहेरच्या पाण्याची परवानगी देतो. जा, ही गाठ कशाची ते समुद्राला विचारून ये."

मग ते हसले.

"आणि मला सांगू नकोस."